किती तास गेले आणि किती उरले: तासांवर आकारलेल्या एका सॉफ्टवेअर प्रकल्पाचं प्रकरण

सोळाव्या आठवड्याच्या शेवटी आम्ही क्लायंटला महिन्याचं इन्व्हॉइस पाठवलं. 680 तासांचं. दोन दिवसांनी त्यांच्या वित्तप्रमुख मॅडमचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच बोलणं जास्त लागलं. "तुमच्या एका डेव्हलपरने सलग अकरा दिवस बरोबर सहा-सहा तास काम केलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "एक दिवस साडेपाच नाही, एक दिवस सात नाही. असं कोणी काम करतं का हो?"

कोणी करत नाही. आमच्याकडे टाइमशीट, म्हणजे कोणी कशावर किती तास घालवले याची नोंद, शुक्रवारी संध्याकाळी आठवून भरली जायची, आणि आठवलं नाही की माणूस सरासरी लिहून मोकळा होतो. तास खोटे नव्हते. पण ते खरे आहेत हे दाखवायला माझ्या हातात काही नव्हतं.

मी या प्रकल्पाचा व्हेंडरच्या, म्हणजे काम करून देणाऱ्या कंपनीच्या, बाजूचा प्रमुख होतो. त्या फोननंतर बिल अडलं, दोन आठवडे नवं काम बंद राहिलं आणि करार जवळजवळ मोडला. प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण तासाच्या दराने काम देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना, दोघांनाही त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत.

काम काय होतं, भाव कसा ठरला

क्लायंट यंत्रं भाड्याने देणारी कंपनी. जनरेटर, पंप, लिफ्ट, मचाणाचे सांगाडे. बुकिंग स्प्रेडशीटवर चालायचं आणि बिलं एका जुन्या प्रोग्रॅमवर, जो लिहिणारा माणूस कधीच सोडून गेला होता. त्यांना बुकिंग, गोदामातली ने-आण, भाड्याची आकारणी आणि बिल हे सगळं एका ठिकाणी हवं होतं.

सुरुवातीला त्यांनी निश्चित किंमत मागितली. आमचा अंदाज 3,200 तासांचा निघाला: बुकिंगला 800, आकारणीला 700, ने-आणीला 500, रिपोर्टना 250, जुना डेटा हलवायला 200, चाचणीला 450, व्यवस्थापनाला 200, आणि अनपेक्षित म्हणून 100. एवढ्या मोठ्या कामात अनपेक्षित फक्त 100 तासांचं धरणं हा उतावळेपणा होता, हे मला आता दिसतं. निश्चित किमतीसाठी आम्ही या आकड्यावर 35 टक्के जोखीम चढवली आणि 4,320 तासांइतकी रक्कम सांगितली.

त्यांना ती जास्त वाटली. त्यांचा प्रश्न रास्त होता: जी अडचण येईलच असं नाही, तिचे पैसे आधीच का मोजायचे? मग आम्ही टाइम अँड मटेरियलवर आलो. जितके तास लागतील तितके पैसे, सगळ्या टीमसाठी एकच सरासरी दर, दर महिन्याला बिल. चार डेव्हलपर आणि एक टेस्टर, प्रत्येकाचे आठवड्याला सुमारे 30 बिलेबल (बिलात लावता येणारे) तास, आणि माझे 10. आठवड्याला 160 तास, म्हणजे 20 आठवडे. सगळ्यांना गणित पटलं.

आमच्या प्रस्तावात अंदाजाचा पल्लाही दिला होता: 2,400 ते 4,800 तास. पण तो नवव्या पानावर होता, आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरात 3,200. क्लायंटने 3,200 वाचलं, त्यांच्या बजेटमध्ये 3,200 गेलं, आणि पुढे सगळं बोलणं 3,200 धरूनच झालं. सॉफ्टवेअरच्या अंदाजाबद्दल अमेरिकी संगणकतज्ज्ञ बॅरी बोहम यांनी 1981 मध्येच मांडलं होतं की काम नुसत्या कल्पनेच्या टप्प्यावर असताना केलेला अंदाज वर किंवा खाली चारपटीने चुकू शकतो, आणि गरजा नीट लिहून झाल्यावरही दीडपटीपर्यंतची चूक उरते. आमच्या पल्ल्याचं वरचं टोक नेमकं दीडपट होतं. म्हणजे पल्ला बरोबर होता, तो छापायची जागा चुकली होती.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. निश्चित किमतीत तास वाढले तर ते व्हेंडरच्या अंगावर येतात. तासाच्या दरात ते क्लायंटच्या अंगावर जातात. क्लायंटला वाटलं आपण 35 टक्के वाचवले. प्रत्यक्षात त्यांनी ती जोखीम स्वतःकडे घेतली होती, आणि ती सांभाळायला जे लागतं त्यातलं काहीच आम्ही त्यांना दिलं नव्हतं. काम चालू असताना दिशा बदलायची, काही गाळायचं, कुठे थांबायचं, हे ठरवण्याची कुठलीही वेळ करारात नव्हती. महिन्याला एक बिल यायचं, एवढंच.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या खरेदी नियमावलीत या पद्धतीच्या कराराबद्दल स्पष्ट म्हटलं आहे की यात खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी किंवा कार्यक्षमतेसाठी कंत्राटदाराला नफ्याचं कोणतंही प्रोत्साहन नसतं. म्हणून तिथे असा करार दुसरा कोणताही प्रकार बसत नसेल तरच करायचा, त्यावर कमाल मर्यादा घालायची, आणि ती ओलांडली तर जोखीम कंत्राटदाराची, असा दंडक आहे. हे वाचून मला आधी राग आला होता, कारण आम्ही मनापासून काम करत होतो. पण करार माणसांच्या मनावर सोडायचा नसतो.

सोळा आठवड्यांत काय झालं

पहिले आठ आठवडे छान गेले. बुकिंगचे स्क्रीन तयार झाले, लोकांनी वापरून पाहिले, बिलं वेळेवर चुकती झाली.

मग भाड्याची आकारणी सुरू झाली आणि खोल पाणी लागलं. कागदावर नियम सोपा होता: दिवस गुणिले दर. खरे नियम जुन्या प्रोग्रॅममध्ये गाडलेले होते. यंत्र दुपारनंतर नेलं तर तो दिवस धरायचा नाही, पण काहीच ग्राहकांसाठी. महिन्याचं भाडं 28 दिवसांचं, पण दोन जुन्या करारांत 30 दिवसांचं. दहा पंप नेले आणि सात परत आले तर उरलेल्या तिनांचा दर कोणता, याचं उत्तर ऑफिसमध्ये तीन जणांनी तीन प्रकारे दिलं. हे सगळं खात्रीने सांगू शकणारी व्यक्ती एकच होती, त्यांच्या बिलिंग विभागातल्या सर्वांत जुन्या कर्मचारी, आणि त्यांच्यामागे महिनाअखेरीची स्वतःची कामं होतीच. आमचा प्रश्न गेला की उत्तराला चार-पाच दिवस लागायचे. तोवर डेव्हलपर अंदाजाने पुढे जायचा, उत्तर वेगळं आलं की मागे यायचा. दोन्ही वेळचे तास लागायचे आणि दोन्ही बिलात यायचे.

याच सुमारास आमच्या कंपनीने एक अनुभवी डेव्हलपर या प्रकल्पातून काढून दुसरीकडे दिला आणि त्याच्या जागी नवखा मुलगा आणला. करारात दर एकच असल्यामुळे बिलात काही फरक पडला नाही. हुशार मुलगा होता, पण कोड समजून घ्यायलाच त्याचे तीन-चार आठवडे गेले, आणि त्या आठवड्यांचे पैसे क्लायंटने अनुभवी माणसाच्या हिशोबाने दिले. एकाच सरासरी दराचा हा धोका मी तेव्हाही ओळखून होतो. बोललो नाही. ज्या बैठकीत तो निर्णय झाला तिथे मी हजर होतो, म्हणून हे इथे लिहिणं मला भाग आहे.

2,610 तासांची चिरफाड

सोळाव्या आठवड्याअखेर एकूण 2,610 तास लागले होते. बजेटच्या 82 टक्के. वित्तप्रमुख मॅडमच्या हिशोबाने कामही 82 टक्के झालेलं असायला हवं होतं, आणि समोर दिसत होतं ते निम्म्यापेक्षा थोडं जास्त. चौथ्या इन्व्हॉइसमधल्या 680 तासांपैकी 214 तासांवर त्यांनी खूण केली होती. "संशोधन", "दुरुस्ती", "चर्चा" अशा नोंदी. दुरुस्ती कशाची? चर्चा कोणाशी? नोंदीत नव्हतं.

मी 214 तासांवर घासाघीस करायला तयार नव्हतो. तसं केलं असतं तर आम्ही शंभरेक तास सोडले असते, त्यांनी शंभरेक मान्य केले असते, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मी सुचवलं की सगळेच 2,610 तास एकत्र बसून तपासू. कोडमधल्या नोंदी, प्रश्नोत्तरांचे ईमेल, टेस्टरची बग-यादी (सापडलेल्या चुकांची यादी) समोर ठेवून तीन दिवस आम्ही चौघं बसलो: त्या, त्यांचा कामकाजप्रमुख, आमचा मुख्य डेव्हलपर आणि मी. ते तीन दिवस बिलात धरले नाहीत.

वाटणी अशी निघाली. ठरलेल्या कामावर सरळ गेलेले तास 1,540. सांगितलेला नियम बदलला किंवा नव्याने कळला म्हणून गेलेले 390. आमच्याच चुका दुरुस्त करण्यात 240. उत्तराची वाट पाहण्यात आणि त्यामुळे झालेल्या मागे-पुढे करण्यात 130. माणूस बदलल्यामुळे शिकण्यात 110. बैठका आणि व्यवस्थापन 200.

शिकण्याच्या 110 तासांवर वाद झालाच नाही. माणूस आम्ही आमच्या सोयीसाठी बदलला होता, भार आमचा. वाट पाहण्याच्या 130 पैकी 40 तासांत आम्ही लोकांना दुसऱ्या कामाला लावू शकलो असतो, ते आम्ही सोडले. बाकीचे त्यांनी स्वीकारले. नियम बदलल्याचे 390 तास त्यांनी जड मनाने, पण पूर्ण मान्य केले.

खरा वाद 240 तासांचा. "चूक तुमची आणि पैसे आमचे, हे मला कुठल्याही खात्यात बसवता येत नाही," मॅडम म्हणाल्या. हा प्रश्न तासाच्या दराच्या प्रत्येक प्रकल्पात कधी ना कधी येतो, आणि त्याला दोन टोकांची उत्तरं दिली जातात. एक, सगळे तास बिलेबल, कारण सॉफ्टवेअर लिहिणं म्हणजेच चुकत-सुधारत जाणं. दोन, एकही बग बिलेबल नाही.

दुसरं उत्तर क्लायंटला गोड वाटतं, पण त्याचा परिणाम वाईट होतो. बग नोंदवला की पैसे जाणार असतील तर टीम बग नोंदवणं कमी करते. टेस्टरवर दबाव येतो. दुरुस्ती "सुधारणा" या नावाने लिहिली जाते. टाइमशीट आणखी धूसर होते, आणि मुळात भांडण धूसर टाइमशीटवरूनच झालेलं असतं. पहिलं उत्तरही टिकत नाही, कारण त्यात घाईने वाईट कोड लिहिणाऱ्याला दोनदा पैसे मिळतात.

आम्ही रेघ मारली ती स्वीकृतीवर. एखादा भाग क्लायंटने तपासून घेतला की त्यानंतर सापडलेला बग आमचा, बिनमोबदला. त्याआधी लिहिताना, चाचणीत जे सापडतं तो लिहिण्याचाच भाग. या रेघेने 240 पैकी 90 तास आमच्याकडे आले आणि 150 त्यांच्याकडे राहिले. मॅडम पूर्ण समाधानी नव्हत्या, पण त्यांनी एक गोष्ट मान्य केली: ही रेघ कोणालाही टाइमशीट वाकडी लिहायला लावत नाही.

एकूण 240 तास आम्ही सोडले: शिकण्याचे 110, स्वीकृतीनंतरच्या बगचे 90, वाट पाहण्याचे 40. एकूण तासांच्या 9 टक्क्यांहून थोडे जास्त. योगायोगाने आकडा चुकांच्या तासांइतकाच झाला, त्यामुळे पुढे दोन्ही कंपन्यांत तो "बगचे सोडलेले तास" म्हणून चुकीचा सांगितला गेला.

न विचारलेला प्रश्न

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या कामकाजप्रमुखाने विचारलं, "झालं ते झालं. आता अजून किती तास लागतील?"

सोळा आठवडे काम चालू होतं आणि हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जात होता. आमच्या प्रत्येक अहवालात किती तास गेले हे होतं. किती उरले हे एकाही अहवालात नव्हतं. त्यांनी 3,200 मधून गेलेले वजा केले आणि उत्तर आपोआप मिळतंय असं धरलं. आम्हीही ते धरू दिलं. पण उरलेलं काम वजाबाकीने कळत नाही, ते प्रत्येक वेळी नव्याने मोजावं लागतं, आणि मोजणारा तोच हवा जो ते काम करणार आहे.

दुसऱ्या दिवशी टीमने बसून मोजलं. आकारणीचे 620, जुन्या डेटाचे 380, ने-आणीचे 300, रिपोर्टचे 250, चाचणीचे 350. एकूण 1,900. म्हणजे सगळं मिळून 4,510 तासांचं काम, आणि सोळाव्या आठवड्याला आम्ही 82 नव्हे, 58 टक्क्यांवर होतो. आकडा सांगितल्यावर खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. माझ्या मते या प्रकल्पातला सर्वांत मोठा दोष हाच: हा आकडा आम्हाला आठव्या आठवड्यानंतर, आकारणीत शिरताच दिसायला हवा होता. तेव्हा क्लायंटकडे पर्याय होते. सोळाव्या आठवड्याला पैसे गेलेले होते आणि पर्याय आक्रसले होते.

कामकाजप्रमुखाने मग अपेक्षित मागणी केली: आणखी दोन डेव्हलपर द्या, काम लवकर संपवू. तासाच्या दराने पैसे घेणाऱ्याला यापेक्षा फायद्याचं काही नाही. दोन माणसांचे जास्तीचे तास, तेही क्लायंटनेच मागितलेले. मी नाही म्हणालो. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर वाढतो, हे अमेरिकी संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी 1975 मध्ये लिहिलं, आणि आमच्याकडे तर त्याचं ताजं उदाहरण 110 तासांच्या रूपाने कागदावर होतं. शिवाय अडथळा टायपिंगचा नव्हता. भाड्याचे नियम एका व्यक्तीच्या डोक्यात होते, आणि तिचे तास आम्ही वाढवू शकत नव्हतो. आमच्या विक्री विभागाला माझं उत्तर आवडलं नाही. ते मी आजही तसंच देईन.

नवा करार

दर तासाचाच राहिला. हे मुद्दाम सांगतो, कारण भांडणानंतर दोन्ही बाजूंचा पहिला विचार निश्चित किमतीवर जाण्याचा होता. पण आकारणीचे नियम अजून पूर्ण कळलेले नव्हते. न कळलेल्या कामाला निश्चित किंमत लावायची तर पुन्हा मोठी जोखीम चढवावी लागली असती, आणि पुढे प्रत्येक नियमावर "हे त्यात होतं की नव्हतं" हा वाद लागला असता.

आधी त्यांनी कामाला कात्री लावली. रिपोर्टऐवजी साधा डेटा काढून देण्याची सोय, 190 तास कमी. सगळ्या वर्षांचा जुना डेटा न आणता शेवटच्या दोन वर्षांचाच, 150 कमी. परत आलेल्या यंत्राचे फोटो जोडण्याची सोय वगळली, 80 कमी. 1,900 वरून 1,480 वर आलो. हे 420 तास वाचवायला त्यांना एक दुपार पुरली. ती दुपार त्यांना आधी कोणी दिली नव्हती, हे मला फार लागलं.

मर्यादा 1,600 तासांची ठरली. त्यापुढचे तास निम्म्या दराने, आणि 1,850 ला काम थांबवून बोलायचं. 1,480 च्या आत संपलं तर वाचलेल्या तासांची निम्मी रक्कम आम्हाला. वर गेलं तर आम्हालाही झळ, खाली राहिलं तर दोघांनाही फायदा.

दर दोन आठवड्यांना जास्तीत जास्त 320 तास. त्याच्या शेवटच्या शुक्रवारी एक पानाचा तक्ता: काय झालं, किती तास गेले, आणि प्रत्येक भागाचे किती उरले, नव्याने मोजून. तो पाहून पुढच्या दोन आठवड्यांत काय करायचं आणि काय नाही हे क्लायंट ठरवणार. कोणत्याही तक्त्यानंतर दोन आठवड्यांच्या सूचनेवर त्यांना काम थांबवता येईल, आणि तोवरचा कोड चालू स्थितीत त्यांच्या ताब्यात असेल.

प्रश्नाला दोन कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर आम्ही यादीतल्या पुढच्या कामाला लागायचं. पुढचं कामच नसेल तर वाट पाहण्याचे तास त्या नावानेच बिलात. आम्ही माणूस बदलला तर नव्या माणसाचे पहिले 60 तास आमचे. अनुभवी आणि नवख्याचे दर वेगळे केले. स्वीकृतीनंतर 30 दिवसांत सापडलेला बग बिनमोबदला. आणि टाइमशीट त्याच दिवशी, कामाच्या क्रमांकासह. या शेवटच्या कलमाला आमच्या टीमकडून सर्वांत जास्त विरोध झाला. एका डेव्हलपरने मला सांगितलं की रोज पाव-पाव तास लिहिताना अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. त्याचं म्हणणं खरं होतं. मी त्याला फक्त ते अकरा दिवस दाखवले.

पुढचे अकरा आठवडे

पहिल्या तक्त्यात 318 तास गेले आणि 1,190 उरले. वजाबाकीपेक्षा 28 जास्त. दुसऱ्यात 320 गेले, 905 उरले. आकडे थोडे-थोडे सरकत होते, पण सरकताना दिसत होते.

तिसऱ्या तक्त्यात धक्का बसला. 319 गेले, आणि 586 उरायला हवे होते तिथे टीमने 700 सांगितले. भाड्यावर असलेलं यंत्र बंद पडलं तर ते दिवस धरायचे नाहीत, हा नियम माहीत होता; पण त्या काळात बदली यंत्र पाठवलं असेल आणि त्याचा दर वेगळा असेल तर काय, हे कोणी सांगितलंच नव्हतं. एकूण आता 1,657 होणार होते, मर्यादेच्या पुढे. जुन्या पद्धतीत हे आम्हाला दीड महिन्याने बिलावरून कळलं असतं. आता त्याच शुक्रवारी समोर होतं.

बिलिंगमधल्या त्या ज्येष्ठ मॅडमना बोलावलं. त्यांनी सांगितलं की वेगळ्या दराचं बदली यंत्र वर्षातून फार कमी वेळा जातं, तेव्हा त्या स्वतः बिल हाताने दुरुस्त करतील. 70 तासांचं काम एका वाक्यात गळालं. अशा निर्णयासाठी लागणारी माहिती व्हेंडरकडे कधीच नसते. ती असलेल्या माणसाला वेळेवर आकडा दाखवणं एवढंच व्हेंडरच्या हातात असतं.

चौथ्या तक्त्याला 320 गेले, 350 उरले. पाचव्याला 320 गेले, 60 उरले. शेवटच्या टप्प्यात 58 लागले. एकूण 1,655. त्यातले 55 निम्म्या दराने.

एक गोष्ट मला खटकली. दर पंधरवड्याची 320 ची मर्यादा हे आमच्या टीमचं लक्ष्य होऊन बसलं: 318, 320, 319, 320, 320. दिलेला वेळ भरेपर्यंत काम पसरतं, असं ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांनी 1955 मध्ये म्हटलं होतं. कोणी तास फुगवत होतं असं मला आढळलं नाही, रोजच्या नोंदी नीट होत्या. पण 290 तासांत संपू शकणारा पंधरवडा एकही आला नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. मर्यादा असावी, पण ती टीमला न सांगता फक्त प्रमुखाला माहीत असावी का, यावर माझं मत अजून ठरलेलं नाही.

हिशोब

प्रत्यक्ष काम 4,265 तासांचं झालं. पैसे मिळाले साधारण 3,998 तासांचे: तपासणीनंतरचे 2,370, मर्यादेतले 1,600, आणि निम्म्या दराचे साडेसत्तावीस तासांइतके. शिवाय काम बंद होतं त्या दोन आठवड्यांचे सुमारे 320 तास आमच्या खात्यावर पडले. क्लायंटने पहिल्या पानावरच्या आकड्यापेक्षा 25 टक्के जास्त मोजले, ठरवलेल्यापेक्षा 490 तासांचं काम कमी घेतलं, आणि 20 ऐवजी 29 आठवडे थांबले.

हे पाहून निश्चित किमतीचा 4,320 चा प्रस्तावच बरा होता असं वाटू शकतं, आणि त्यांच्या संचालकांपैकी एकाने तसं विचारलंही. मी ते गणित करून पाहिलं. निश्चित किमतीत नियम बदलाचे 390 तास चेंज रिक्वेस्ट, म्हणजे ठरलेल्या कामाबाहेरचा बदल, म्हणून वेगळे आले असते, म्हणजे रक्कम 4,700 च्या पुढे. गाळलेले 490 तास कोणी गाळले नसते, कारण पैसे आधीच ठरलेले असताना काही सोडून द्यायला क्लायंटकडे कारण नसतं. आणि मूळ अंदाज चुकल्याचा भार आमच्यावर आला असता, तो आम्ही कुठे ना कुठे दर्जातून वसूल करायचा प्रयत्न केला असता. हे मी अभिमानाने सांगत नाही. तोट्यात गेलेल्या निश्चित किमतीच्या कामांत मी ते होताना पाहिलं आहे. पण पहिल्या सोळा आठवड्यांचा आमचा तासाचा करारही समर्थनीय नव्हता. अनिश्चितता त्यांनी विकत घेतली होती आणि लगाम आमच्याच हातात राहिला होता.

प्रणाली सुरू झाल्यावर क्लायंटने देखभालीचं कामही आम्हालाच दिलं, महिन्याला 40 तास राखून, न वापरलेले निम्मे एक महिना पुढे नेता येतील अशा अटीवर. त्या कराराच्या मसुद्यावर वित्तप्रमुख मॅडमनी एकच बदल सुचवला. मासिक तक्त्यात आम्ही "गेलेले तास" हा रकाना सवयीने आधी ठेवला होता. त्यांनी तो खोडून शेवटी नेला आणि "उरलेले" पहिल्या जागी लिहिलं. पहिल्या महिन्यात 23 तास लागले, 17 उरले.